समोरचा बघून

सामना सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती आणि बावीस खेळाडूंपैकी एकानंही मैदानाची मधली रेघ ओलांडली नव्हती. चेंडू तेवढा चार-पाच वेळा पलीकडे जाऊन आला होता. पण चेंडूला अक्कल नसते.

स्टेडियममध्ये बारा-तेरा हजार माणसं असतील. एका बाजूला आमची तोफखाना तालीम, दुसऱ्या बाजूला जुना बुरूज तालीम. कोल्हापुरात पेठांच्या तालमी फुटबॉलही खेळतात, आणि या दोन तालमींची मॅच असली की दोन्ही पेठांतली दुकानं दुपारपासून बंद होतात आणि पोलिसांच्या रजा रद्द होतात. असल्या मॅचला पहिल्या पाच मिनिटांत निदान एक चप्पल तरी मैदानात यायला हवी. ती आली नव्हती. रागवायचं कुणावर हेच लोकांना कळत नव्हतं. आमचे बॅक चेंडू एकमेकांकडे सरकवत होते, लग्नात आहेराचं ताट पुढं पुढं करतात तसा. कंटाळा आला की ते तो लांब मारून बुरुजाकडे देत, मग बुरुजाचे बॅक तेच करत. रेफ्री मधल्या वर्तुळात एकटा उभा होता. कोल्हापुरात आल्यापासून त्याला इतकं सुरक्षित कधी वाटलं नसावं.

माझ्या शेजारी बाकावर आमचे कोच हिंदुराव सरनाईक बसले होते. त्यांच्या मांडीवर मी लिहिलेली वही होती.

"येतील," ते म्हणाले.

"कोण?"

"ते. त्यांना यायलाच लागतंय. फुडं आल्याशिवाय बुरुजाला जमतच न्हाई."

मैदानापलीकडच्या बाकावर बुरुजाचे कोच यशवंत पोवार हाताची घडी घालून बसले होते. तेही शेजारच्याला काहीतरी सांगत होते. तेच सांगत असावेत.

हे सगळं होऊन आज बावीस वर्षं झाली. मी तेव्हा तिशीत होतो आणि कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. माझ्या वर्गात अकरा विद्यार्थी होते. बहुधा त्यावरूनच पेठेत माझा फुटबॉलशी संबंध जोडला गेला आणि मला तालमीचा सहचिटणीस करण्यात आलं.

तोफखान्याचा एक स्वतःचा खेळ होता. तो असा, की चेंडू मिळाला की लांब मारायचा आणि सगळ्यांनी त्याच्यामागं धावायचं. गोली सोडून सगळ्यांनी. काही वर्षी गोलीनंसुद्धा. समोर कोण आहे, किती आहेत, कुठं उभे आहेत, याची चौकशी करणं पेठेत कमीपणाचं मानलं जाई. हा खेळ चाळीस वर्षं चालत आला होता. त्यात आम्ही दोनदा कप आणला होता आणि उरलेल्या अडतीस वर्षी अभिमान. एका मोसमात सहा-शून्यानं हरून परत येताना पोरांनी गुलाल लावलेला मी पाहिला आहे. हरलो, पण आपला खेळ खेळून हरलो, असं त्यामागचं तत्त्व.

मग एका वर्षी आम्ही वरच्या गटातून खाली जाता जाता वाचलो. तेव्हा तालमीचे अध्यक्ष दौलूमामा इंगवले यांनी हिंदुरावांना कोच केलं. हिंदुराव पेठेतलेच, जुने हाफबॅक, पतियाळाहून कोचिंगचा डिप्लोमा घेऊन आलेले आणि महापालिकेच्या शाळेत व्यायामशिक्षक. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, की दर मॅचला समोरचा बघून खेळ बदलायचा. दौलूमामा म्हणजे एकेकाळचे नामांकित पैलवान, दोन्ही कान मोडलेले. ते हिंदुरावांकडे दयेनं बघत राहिले.

"मामा, कुस्तीत समोरचा उंच असला तर तुमी काय करत होतासा?" हिंदुरावांनी विचारलं.

"पटात शिरायचं. पाय धरायचं."

"आणि बुटका असला तर?"

"मान दाबून दमवायचा."

"म्हणजे समोरचा बघूनच डाव."

"ती कुस्ती हाय, हिंदुराव," मामा म्हणाले. "तिथं डोस्कं लागतंय. ह्यो फुटबॉल हाय."

तरीही एक मोसम देऊन बघायचं ठरलं. समोरच्या तालमींच्या मॅचेस बघून टिपणं काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि दुपारनंतर मला तास नसत. कोण कुठून पळतो, कुणाचा डावा पाय नुसता शोभेचा आहे, कुठला बॅक पहिली चूक झाली की मॅचभर स्वतःशी भांडतो, हे मी वहीत उतरवायचो. हिंदुराव त्यावर रेघोट्या ओढायचे आणि त्या त्या मॅचपुरता खेळ ठरवायचे. त्यांची रेघ चुकत नसे. समोरचे दांडगाईनं पुढं येणारे असले तर आपण मागं थांबायचं आणि त्यांच्या पाठीमागची मोकळी जागा गाठायची. समोरचे मागं बसणारे असले तर आपण सगळे पुढं.

पहिली मॅच आम्ही एक-शून्य जिंकलो. पेठेत सुतक पडल्यासारखं झालं. जिंकलो, पण आपल्यासारखं न्हाई जिंकलो, असं लोक एकमेकांना सांगत होते. चौकातल्या एका म्हाताऱ्यानं मॅचला येणंच बंद केलं. सर्वांत दुखावला तो आमचा सेंटर फॉरवर्ड शिवा निगवेकर. पेठेचा लाडका. चेंडू गेल्यावर मागं धावणं हा त्याला घराण्याचा अपमान वाटायचा. समोरच्यानुसार हिंदुराव त्याला कधी खेळवत, कधी बाकावर बसवत, आणि बसवलं की तो आमच्याकडे पाठ करून बसे. पण चार मॅच जिंकल्यावर पेठ सरावली. नव्या सुनेच्या हातच्या आमटीला घर सरावतं, तसं. शेवटच्या मॅचला बुरुजाशी गाठ पडली तेव्हा हिशेब सोपा होता. जो जिंकेल त्याचा कप. बरोबरी झाली तर दोघांच्याही हाती काही नाही. गोलांच्या फरकावर कप जाणार चिंचबन तालमीला, जिच्या सगळ्या मॅचेस संपल्या होत्या आणि जिचे खेळाडू आता प्रेक्षकांत बसून भेळ खाणार होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तोफखाना आणि बुरूज यांच्यात एक रस्ता आणि एक पाण्याची टाकी एवढंच अंतर आहे, त्यामुळे लग्नं इकडून तिकडे सर्रास होतात. मात्र लीग सुरू झाली की बुरुजाच्या लेकी तोफखान्यातून माहेरी जात नाहीत, आणि तोफखान्याच्या लेकी बुरुजातून. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत. हा नियम कुणी केला ते कुणाला माहीत नाही, पण एका बाईचं पहिलं बाळंतपण त्यापायी सासरी झाल्याचं सांगतात. हिंदुरावांची बायको विजयमालावहिनी बुरुजाची. नुसती बुरुजाची नव्हे, यशवंत पोवारांची सख्खी धाकटी बहीण. हिंदुरावांना कोच करताना ही गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही, यावरून ती सगळ्यांच्या डोक्यात होती हे कळत होतं.

मॅचच्या आठ दिवस आधी वहिनींच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. वहिनींनी नवऱ्याला विचारलं. दवाखाना काही माहेर नव्हे, असा तोडगा दोघांनी मिळून काढला आणि त्या जाऊन आल्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर भाऊ-बहीण एका डब्यातलं खाताना पेठेतल्या तिघांनी पाहिलं. असं ते तिघंही नंतर म्हणाले.

त्याच आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे देशिंगे सर माझ्यामागं लागले होते. देशिंगे बुरुजाचे चिटणीस. तोफखान्याचा खेळ म्हणजे शेळ्यांचा वाडा, फाटक उघडलं की सगळ्या एकदम बाहेर, असं ते चार लोकांत म्हणाले. चार लोक हसले. मला स्टाफरूममध्ये सहसा उत्तर सुचत नाही. ते घरी गेल्यावर सुचतं. त्या दिवशी मात्र सुचलं. मी म्हणालो, या वेळी आमचं कुणी बाहेर येणार नाही, तुम्हीच आत या. त्यावरही ते चौघं हसले. मला बरं वाटलं.

मध्यंतराला आमच्या पोरांच्या अंगावर घाम नव्हता. हिंदुरावांनी त्यांना सांगितलं, की अजून वाट बघा, दुसऱ्या हाफला बुरुजाचा धीर सुटणार. शिवा बाकावरूनच म्हणाला, की धीर सुटायला आदी खेळ सुरू व्हाया लागतोय. मी माझ्या विषयाच्या अंगानं विचार केला. त्यांना वाटतं आम्ही येऊ. आम्हाला वाटतं ते येतील. जो आधी जाईल तो फसेल. म्हणून कुणीच जाणार नाही. युक्तिवादात कुठेही चूक नव्हती. हे मी हिंदुरावांना सांगितलं नाही, कारण त्यात पुढं काय करायचं ते येत नव्हतं.

शेवटच्या दहा मिनिटांत दोन्ही कोचांना एकदमच कप दिसेनासा झाला आणि दोघांनीही सगळी माणसं पुढं सोडली. पण इतका वेळ उभं राहून पोरांचे पाय जड झाले होते. शून्य-शून्य. चिंचबनचे खेळाडू भेळेचे कागद टाकून कप घ्यायला खाली उतरले. त्यांच्या कप्तानाच्या मिशीला शेव होती. आणि मग, दोन तास अडवून ठेवलेल्या चपला दोन्ही बाजूंनी एकदम आल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तालमीत बैठक बसली. तालमीच्या मातीला लागून मारुती, मारुतीच्या उजव्या हाताला दौलूमामा, समोर सतरंजीवर पेठ. शिवा उभा राहिला. तो शांत बोलत होता, हेच वाईट लक्षण होतं. तो म्हणाला, की बुरुजाची टीम आयुष्यात कधी मागं थांबलेली नाही. कालच का थांबली? आपण थांबणार हे तिला आधी कळलं होतं म्हणून. आणि आपला प्लॅन ठाऊक असलेली माणसं तालमीत वीस. त्यांतल्या एकाचीच सासुरवाडी बुरुजात.

सगळ्यांनी मान खाली घातली. म्हणजे सगळे त्याच्याच बाजूचे होते.

"हिंदुराव," दौलूमामा म्हणाले, "वैनी दवाखान्यात गेलत्या?"

"गेलती."

"यशवंता भेटला तिथं?"

"आई दोघांची एकच हाय, मामा."

"काय बोलणं झालं?"

"डोळ्याचं."

मागून कुणीतरी हसलं. मी उठून उभा राहिलो. देशिंगे सरांना मी काय बोललो ते मला सकाळीच आठवलं होतं, आणि ते सांगायचं असं ठरवूनच मी आलो होतो. वाक्य तयार होतं. पण उभा राहिल्यावर समोर दीडशे माणसं दिसली. पहिल्या रांगेत शिवा, त्याचे दोन भाऊ. मी वाक्यात थोडा बदल केला.

मी म्हणालो, की बातमी फुटण्याच्या शक्यता अनेक असतात. एकाच माणसाकडे बोट दाखवणं तर्काला धरून नाही. उदाहरणार्थ, माझ्यासारख्या माणसाच्या तोंडूनही, समजा स्टाफरूममध्ये, बोलण्याच्या ओघात एखादं वाक्य जाऊ शकतं. मग वहिनींइतकाच मीही दोषी ठरतो. तेव्हा दोषच द्यायचा असेल तर समजा मला द्या.

दौलूमामांचे डोळे भरून आले. त्यांनी मला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला. तो हात अजूनही पैलवानाचा होता. ते म्हणाले, "दुसऱ्याचं बालंट अंगावर घ्यायला काळीज लागतंय. सर, शिकलेला माणूस असा पायजे." तालमीत टाळ्या पडल्या. शिवानंही वाजवल्या.

ते उदाहरण नव्हतं, हे सांगायला मला टाळ्या संपेपर्यंतचा वेळ होता. टाळ्या बराच वेळ चालल्या. मी खाली बसलो.

मग तोडगा निघाला, की वहिनींनी मारुतीसमोर शपथ घ्यावी: मी भावाला काही बोलले नाही. अडचण एवढीच होती, की तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नसतं. त्यावर अर्धा तास खल झाला. वहिनींनी उंबऱ्याबाहेर, रस्त्यावर उभं राहून आतल्या मारुतीकडे बघत शपथ घेतली तर ती लागू पडेल का? एकाचं म्हणणं पडलं की मारुतीला दिसायला पाहिजे, म्हणजे दोन्ही दारं पूर्ण उघडावी लागतील. हे सर्वांना पटलं. एकजण दाराचा अडकलेला बोल्ट काढायलाही गेला.

"ती येणार न्हाई," हिंदुराव म्हणाले.

"का?"

"मी बोलवणार न्हाई."

"मग आमी काय समजायचं?" शिवानं विचारलं.

"प्लॅन माझा होता. मॅच माझी गेली. ह्याच्यात बाईमाणसाचं काय काम न्हाई." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून मामांपुढं ठेवली, वही माझ्या हातात दिली आणि चपला घालून निघून गेले. आठ तालमींसमोर आठ वेगवेगळे खेळ खेळलेला माणूस. स्वतःच्या तालमीसमोर एकाच म्हणण्यावर राहिला, आणि तेही न बदलता.

पुढच्या मोसमात शिवा कोच झाला. आम्ही आपला खेळ खेळलो आणि खालच्या गटात गेलो. मिरवणूक निघाली.

पण मला सांगायचं आहे ते बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. साडेनऊला मी हिंदुरावांच्या घरी गेलो. या वेळी समोर दीडशे माणसं असणार नव्हती. हिंदुराव शाळेत गेले होते. वहिनींनी बसा म्हटलं, चहा ठेवला आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या.

"बरं झालं आलासा, सर. तुमी काल बाजू घेतलासा असं हे म्हणालेत. पर ती घ्यायला नगं हुती."

"का?"

"मीच बोलले दादाला." त्या आतल्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. "डबा खाताना दादा म्हणाला, बघ, ह्या बारीला तुझ्या नवऱ्याची कशी पळापळ करतो. मी म्हटलं, कोण पळतंय? आमचं कोण फुडं येत न्हाई, तुमीच या. हसत म्हटलं हो. मस्करीत. तोंडातनं गेल्यावर कळलं."

त्यांचं वाक्य आणि माझं वाक्य यांत दोन-तीन शब्दांचा फरक होता.

"हिंदुरावांना ठाऊक आहे?"

"मॅचच्या रातीच सांगिटलं. शपथ घ्यायला लावली असती तर मी खोटी घेतली नसती. त्येंना म्हाईत हुतं ते. म्हणून तर बोलिवलं न्हाई." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "कायबी बोलले न्हाईत मला. एक शबूद न्हाई. त्येच लागतंय."

त्या क्षणी मला काय करायचं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. माझं वाक्य जिभेवर होतं. ते उच्चारलं असतं तर निदान ओझं दोघांत वाटलं गेलं असतं. पण मला हेही दिसत होतं, की आता माझ्या वाक्याची कुणालाच गरज नाही. प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, आणि ते मी नव्हतो. खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

"असं होतं कधीकधी, वहिनी," मी म्हणालो.

चहा आलं घातलेला होता. मी पूर्ण प्यायलो.

त्यानंतर हिंदुराव तालमीची पायरी चढले नाहीत. शाळेतल्या कवायतीत निवृत्त झाले. वहिनींना पेठेतल्या हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं थांबलं. दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा यायला लागलं तेव्हा त्या जाईनाशा झाल्या. माहेरी जात, पण भावाशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत. हे मला बायकोकडून कळायचं. मी रस्त्यात भेटलो तर दोघंही आवर्जून थांबत आणि मुलांची चौकशी करत.

गेल्या नोव्हेंबरात आईच्या पेन्शनसाठी तिचा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. रांगेत माझ्यापुढं यशवंत पोवार. सत्तरी उलटलेली, कानात यंत्र. आमच्या काउंटरवरचा माणूस जेवायला गेला होता, त्यामुळे वेळ होता. बोलणं त्या मॅचवर आलं. कोल्हापुरात ते येतंच. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आमचा प्लॅन तुम्हाला कळला कसा?

"कळायचंय काय त्येच्यात?" ते म्हणाले. "मी तुमच्या सगळ्या मॅच बघितल्यात. हिंदुराव दर टायमाला खेळ बदलायचा, पर बदलायचा तो एकाच ठेक्यात. समोरचा फुडं येणारा असला की ह्यो मागं. समोरचा मागं की ह्यो फुडं. आमी फुडं येणारं. म्हणजे ह्यो मागंच बसणार. त्येला सांगायला कोण कशाला लागतंय?"

"तुमच्या बहिणीनं काही सांगितलं नव्हतं? दवाखान्यात?"

"सांगिटलं असंल. आईच्या डोळ्याचं टेन्शन, त्यात हिचं कोण ऐकतंय?"

"आणि देशिंगे सर?"

पोवारांनी कानातलं यंत्र नीट केलं. "देशिंगे सरांचं आमच्यात कधी कोण ऐकत हुतं?"

काउंटरवरचा माणूस परत आला. मी आईचा दाखला न देताच रिक्षा केली आणि हिंदुरावांच्या घरी गेलो. वाटेत मला जाणवत होतं, की आता मला सगळं सांगता येईल, माझं वाक्यसुद्धा. चूक बिनमहत्त्वाची ठरल्यावर ती कबूल करायला किती हलकं वाटतं, याची नोंद मी केली.

हिंदुराव बाहेरच्या खोलीत शेंगदाणे सोलत बसले होते. वहिनी आत-बाहेर करत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पोवार काय म्हणाले ते. वहिनींच्या बोलण्यानं काही झालेलं नव्हतं, ते. आणि मग, जाता जाता सांगावं तसं, की त्या आठवड्यात देशिंग्यांजवळ मीही तेच बोललो होतो. पण त्यानंही काही झालेलं नव्हतं.

हिंदुरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"सगळ्या मॅच बघितल्या त्यानं?"

"सगळ्या."

"माझ्या?"

"तुमच्याच."

बावीस वर्षांत मी त्यांचा चेहरा इतका उजळलेला पाहिला नव्हता. त्यांनी टीपॉयवरचं वर्तमानपत्र बाजूला केलं, बोटानं मधोमध एक रेघ ओढली आणि अलीकडे अकरा शेंगदाणे, पलीकडे अकरा शेंगदाणे मांडायला लागले. तोंडानं पुटपुटत होते: त्येला ठाऊक हुतं मी मागं बसणार, मग तो बी मागं का बसला, मोकळं मैदान हुतं, साइडनं आला असता की.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी मी सांगत हुते, तवा तुमास्नी तुमचं म्हाईत हुतं?"

"हो."

"मी रडत हुते तवा?"

"हो, वहिनी."

त्यांनी मान हलवली. रागावलेल्या दिसत नव्हत्या. खूप दिवस न जुळलेला एखादा हिशेब जुळावा तशा दिसत होत्या.

"ह्येंनी अकरा माणसं मागं ठेवली, तर लोकांनी ह्येंना घालवलं," त्या म्हणाल्या. "तुमी एकट्यानं बावीस वर्सं एक गोल खाल्ला न्हाई."

मी खुर्चीच्या कडेवर बसलो. चहाचं कुणी विचारलं नाही.

हिंदुरावांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी आपल्या बाजूचा एक शेंगदाणा रेघेपलीकडे सरकवला, डोळे बारीक करून त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं, आणि परत मागं घेतला.